अळीने उघडे केलेले रान

भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून जे जुने संग्रहालय आहे, त्यास आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. पूर्वी त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम असे होते. १८८३ सालच्या सप्टेंबरच्या १५ तारखेस तेथे आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापन केली. त्या आठांत दोघे मराठी डॉक्टर होते : प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि औषधी वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. उरलेल्यांत कर्नल चार्ल्स स्विन्हो हे पतंगांचे नामांकित संग्राहक होते, आणि साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड एटकेन हे किड्यामुंग्यांविषयी मोठ्या कौतुकाने लिहिणारे लेखक होते. एटकेन यांनी पुढे डेव्हिडसन व बेल या आणखी दोन अधिकाऱ्यांसह कारवारकडील फुलपाखरांवर एक लेखमाला लिहिली. बेल हे जंगलखात्यात होते. रानातून अळ्या आणाव्या, त्यांना त्यांच्याच झाडाचा पाला घालून वाढवावे आणि कोणत्या अळीतून कोणते पाखरू निघते याची टिपणे ठेवावी, असा त्यांचा उद्योग चाले.

हा उद्योग पाहणाऱ्यास रिकामटेकडा वाटला असेल. परंतु अळी कोणत्या झाडाची पाने खाते, वर्षातून केव्हा खाते, आणि तिला स्वतःला कोण खाते, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असल्यावाचून तिच्याविषयी कोणताही निर्णय करता येत नाही, हे त्या टिपणांवरूनच जगास कळत गेले. मुंबईकरांना या ज्ञानाची गरज आजही पडते. आणि ती बहुधा सप्टेंबर महिन्यातच पडते.

पावसाळा सरत आला म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठी, विक्रोळी, ऐरोली, वाशी या बाजूंस, एखाद्या वर्षी चमत्कारिक दृश्य दिसते. चार दिवसांपूर्वी हिरवीगार असलेली तिवरांची रांगच्या रांग तपकिरी होते. पुलावरून जाणाऱ्याला वाटते की, कोणी हे रान जाळले, किंवा मुळाशी काही जालीम द्रव ओतला. असा संशय येणे मुळीच अस्वाभाविक नाही. खाडीत भराव घालून आणि भरतीचे पाणी अडवून तिवरे मारल्याची उदाहरणे या शहरात पुष्कळ घडली आहेत, आणि म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयास २००५ साली तिवरांच्या तोडीस मनाई करावी लागली. पण जवळ जाऊन फांदी वाकवून पाहिले, तर खरा अपराधी तेथेच सापडतो. दुमडलेल्या पानाच्या आड बसलेली, बोटाच्या दोन पेऱ्यांएवढीही नसलेली एक काळसर अळी! तिच्या हजारो बहिणी मिळून हे काम करतात.

ही अळी खाडीची खास रहिवासी नव्हे. सह्याद्रीपासून केरळपर्यंत आणि ब्रह्मदेशापर्यंत सागाच्या रानांना जी छळते, तीच ही. शास्त्रज्ञ तिला हिब्लिया प्युएरा म्हणतात. क्रेमर नावाच्या डच संग्राहकाने १७७७ साली तिच्या पतंगाची नोंद केली. सागाची अळी तिवरावर कशी, असे कोणी विचारील. जुन्या वनस्पतिशास्त्रात साग, निर्गुडी आणि तिवर ही तिन्ही एकाच कुळात घालीत असत. आजच्या वर्गीकरणात ती तिन्ही एकाच कुळात राहिली नसली, तरी त्यांचा गण एकच राहिला आहे. माणसाच्या डोळ्यांस डोंगरावरचा साग आणि चिखलातले तिवर यांत काहीच साम्य दिसत नाही. परंतु पतंगाच्या मादीला पानाच्या वासावरून हे दूरचे नाते उमगत असावे. निर्गुडीवरही ती अंडी घालतेच.

या प्राण्याचे आयुष्य थोडक्यात असे आहे. पतंग लहानसा, राखट तपकिरी रंगाचा असतो. पुढचे पंख मिटून बसला म्हणजे वाळल्या पानात दिसेनासा होतो. मागचे पंख उघडले की त्यांवरचे नारिंगी पट्टे मात्र लक्ष वेधून घेतात. मादी रात्री कोवळ्या पानांवर एकेक सुटे अंडे घालते, आणि अशी सुमारे पाचशे अंडी एका मादीची होतात. दोनतीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. अगदी लहान असता त्या पानाचा नुसता पृष्ठभाग खरवडतात. थोड्या मोठ्या झाल्या की, पानाची कड अर्धवट कातरून ती दुमडतात, रेशमाच्या धाग्यांनी चिकटवतात, आणि या आपल्या राहुटीत बसून सभोवारचे पान फस्त करतात. शेवटी जाड शिरांखेरीज काही उरत नाही. दहाबारा दिवसांत वाढ पुरी होते. मग धाग्याला लोंबकळत अळी खाली उतरते, पाचोळ्यात कोश करते, आणि आठवडाभरात त्यातून नवा पतंग निघतो. हवा मानवली तर जेमतेम तीन आठवड्यांत एक पिढी उलटते.

एका मादीची पाचशे अंडी हा आकडा ध्यानात घेतला म्हणजे, सारी अंडी जगली तर काय होईल, याचा हिशेब शाळेतील मुलासही करता येईल. एरवी त्यांतली फारच थोडी जगतात. पण मध्येच एखाद्या वर्षी पहिला पाऊस, कोवळी पालवी आणि वाऱ्यावर वाहत आलेले पतंगांचे थवे यांची गाठ पडते, आणि मग रानच्या रान उघडे होते. अशा वेळी सागाच्या बनात उभे राहिले असता पानांवर एक बारीक, अखंड सरसर ऐकू येते. आभाळ निरभ्र असते. पाऊस पडत नसतो. लक्षावधी अळ्यांच्या लेंड्या खालच्या पाचोळ्यावर पडत असतात, त्यांचा तो आवाज असतो.

सागाला आणखी एक अळी लागते. ती विदर्भातील व मध्य प्रदेशातील सागवनांत विशेष आढळते. ही पानाचा गर तेवढा खाते आणि बारीकसारीक शिराही शिल्लक ठेवते, त्यामुळे पानाची हुबेहूब जाळी होते. श्रावण-भाद्रपदापासून पुढे तिचा सुळसुळाट होतो आणि आश्विनात डोंगराची अख्खी उतरण करपल्यासारखी दिसते. दिसण्यात पहिलीपेक्षा हिचाच उपद्रव भयंकर. कारण पहिलीने खाल्लेल्या झाडाला लवकरच पुन्हा पालवी फुटते, तर ही करपलेली पाने कित्येक आठवडे झाडावर तशीच लोंबत राहतात.

पण दिसते तसे नसते. केरळात निलांबूर येथे १८४० नंतरच्या दशकात सागाची मोठी लागवड झाली. ज्या सागावर मुंबईच्या गोदीत वाडियांनी ट्रिंकोमालीसारखी जहाजे बांधली, आणि जे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे, तो मलबारचा साग सपाट्याने संपत चालला होता, म्हणून ही लागवड करावी लागली. त्याच निलांबूर येथे केरळ वनसंशोधन संस्थेतील के. एस. एस. नायर व त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग केला, व त्याचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. सागाच्या एका कोवळ्या बनातील काही तुकडे त्यांनी अळीपासून राखले आणि काही दैवावर सोडले. राखलेल्या तुकड्यांत हेक्टरी दर वर्षी ६.७ घनमीटर लाकूड वाढले. न राखलेल्यांत ३.७ घनमीटर. म्हणजे जे लाकूड तयार व्हायचे, त्यातले सुमारे ४४ टक्के पहिल्या अळीने गिळले होते. आणि पानांची जाळी करणारी, जिच्यामुळे डोंगर जळल्यासारखा दिसतो, तिने केलेले नुकसान मोजण्याजोगे निघाले नाही!

याचे कारण सरळ आहे. पान हे झाडाचे स्वयंपाकघर. पहिली अळी येते ती आषाढाच्या आसपास, चूल नुकतीच पेटलेली असता. साऱ्या वर्षाची वाढ व्हायची असते तेव्हा. दुसरी येते ती पंक्ती उठत आल्यावर, पानांचे काम बहुतेक उरकल्यानंतर. थोड्याच महिन्यांनी ती पाने आपोआप गळायचीच असतात. किती खाल्ले याच्याइतकाच केव्हा खाल्ले हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

त्या प्रयोगातून दुसरीही एक गोष्ट कळते. अळीने लाकूड गिळले, पण झाडे मारली नाहीत. साग, तिवर, बहावा अशा रुंद पानांच्या झाडांनी खोडात व मुळांत अन्नाचा साठा केलेला असतो, आणि सालीखाली सुप्त डोळे राखून ठेवलेले असतात. पाने गेली की ते डोळे फुटतात. लहान रोपाचा शेंडा पुनःपुन्हा खाल्ला गेला तर तो मरतो आणि झाडाला दोन शेंडे फुटून खोड वाकडे होते, हे खरे. वखारीत अशा लाकडाला भाव येत नाही, हेही खरे. तथापि झाड जगते. युरोपातील देवदारवर्गी वृक्षांची गोष्ट निराळी. त्यांची सुयांसारखी पाने अनेक वर्षे टिकायची असतात. ती एकदा समूळ गेली की पुष्कळदा झाडही जाते. तिकडच्या पुस्तकांतील भीती इकडच्या रानाला जशीच्या तशी लावणे म्हणूनच बरोबर नाही.

खाडीवरची तपकिरी झालेली तिवरेही अशीच काही आठवड्यांत पुन्हा हिरवी होतात. आणि येथेच पाहणाऱ्याला एक साधी कसोटी मिळते. ही अळी तिवराची. शेजारच्या कांदळाशी किंवा चिप्पीशी तिला सहसा कर्तव्य नसते. तेव्हा तिवरे उघडी आणि बाजूची कांदळ-चिप्पी हिरवी असली, पानांच्या शिरा शिल्लक असल्या, दुमडलेल्या राहुट्या दिसल्या, तर ते काम अळीचे समजावे. पण खाडीकाठचे सारेच रान, कोणत्याही जातीचे असो, एका रेषेपर्यंत वाळत गेले असेल, आणि त्या रेषेशी नवा बांध किंवा भराव असेल, तर तेथे अळीवर आळ घालून चालणार नाही. अळीने खाल्लेले रान परत येते. भरतीचे पाणी तोडलेले रान परत येत नाही.

आता अळीला आवर कोण घालतो, ते पाहू. रानात अळ्यांचे पीक आले की कोतवाल, साळुंक्या, कावळे यांची तेथे झुंबड उडते. गांधीलमाश्या अळ्या उचलून नेतात. कित्येक बारीक माश्या व कुंभारणीच्या जातीचे किडे अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडे घालतात, आणि त्यांची पिल्ले तिला आतून खाऊन टाकतात. याहून सूक्ष्म असा एक विषाणू आहे. केरळातील संशोधकांना तो १९८०च्या दशकाअखेर याच अळीत सापडला. त्याची बाधा झालेली अळी मऊ पडते, उलटी लोंबते, फुटते, आणि तिच्यातील विषाणू पानांवर पसरून दुसऱ्या अळ्यांच्या पोटात जातो. मेलेल्या अळ्यांपासून हेच औषध तयार करून फवारण्याचे प्रयोग तेथे झाले. त्यात विशेष हे की, पक्षी, मासा, मधमाशी वा माणूस यांना त्यापासून बाधा नाही.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ बीसन यांनी १९४१ साली हिंदुस्थानातील वनकीटकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा सल्ला असा होता की, सागाच्या लागवडीत निव्वळ साग ठेवू नये. मधून मधून इतर झाडेझुडपे राहू द्यावी. कारण अळीचे शत्रू बारा महिने निव्वळ सागाच्या अळीवर जगू शकत नाहीत. तिच्या गैरहंगामात त्यांना दुसऱ्या झाडांवरच्या निरुपद्रवी अळ्या लागतात. तण म्हणून साफ केलेल्या झुडपांबरोबर रानाचे पहारेकरीही हाकलले जातात. एकाच जातीची झाडे ओळीने लावून आपण अळीसाठी पंक्ती मांडतो आणि मग ती जेवते म्हणून तिला दोष देतो.

पहारेकऱ्यांना विसरल्याने काय होते, याची सर्वांत बोलकी गोष्ट अमेरिकेतील आहे. ट्रूव्हेलो नावाचा एक फ्रेंच गृहस्थ मॅसॅच्युसेट्स प्रांतात मेडफर्ड गावी राहत असे. रेशमाचे किडे पैदा करण्याच्या नादात त्याने १८६९च्या सुमारास युरोपातून एका पतंगाची अंडी आणली, आणि त्याच्या काही अळ्या निसटल्या. युरोपात त्या पतंगाला शत्रू होते. मेडफर्डला ते नव्हते. वीस वर्षांनी, १८८९ साली, त्या गावात अळ्यांनी झाडेच काय, भिंती आणि पायवाटाही झाकून टाकल्या. सरकारने सोमलाच्या विषाचा मारा केला. नंतर युरोपातून अळी खाणारी माशी आणून सोडली, तर तिने तिकडच्या देखण्या, निरपराध रेशीमपतंगांचाही संहार केला. १९५७ साली याच अळीसाठी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर विमानांतून डीडीटी ओतण्यात आले. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. आणि रेचल कार्सन यांच्या १९६२ सालच्या प्रख्यात पुस्तकात या प्रकरणाची हकीगत आली. एवढे होऊन ती अळी अद्याप त्या देशात आहेच.

आपल्याकडेही विमानातून विष फवारण्याचा मोह झाला नव्हता असे नाही; १९६५च्या सुमारास केरळातील कोन्नीच्या सागवनावर एन्ड्रिन फवारले गेले होते. पण उंच रानावर पडलेले विष अळीपुरते राहत नाही. ते ओढ्यात उतरते, पाखरांच्या पोटात जाते, आणि जे शत्रू अळीला फुकट आवर घालीत होते त्यांनाच आधी मारते. अळीची नवी पिढी तीन आठवड्यांत येते. कोतवालाची पिढी वर्षाने येते. या शर्यतीत विषाचा लाभ कोणाला होणार, हे सांगावयास नको.

शहरात राहणाऱ्या कुटुंबांना सागवनाशी काय करावयाचे, असे कोणास वाटेल. तर राणीच्या बागेतील उर्वशी व कैलासपतीपासून ते चाळीच्या अंगणातील शेवग्यापर्यंत प्रत्येक झाडाला हाच न्याय लागू आहे. पावसाच्या आरंभी बहाव्याची कोवळी पाने हिरव्या अळ्या कुरतडताना दिसतात. घरमालक औषध आणावयास धावतो. त्याच अळ्यांची चार दिवसांनी फिकट पिवळी फुलपाखरे होऊन ती साऱ्या वाडीभर उडतात, आणि बहाव्याला पुन्हा पालवी येते. तेथे काहीही करू नये. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, त्यांचे केस अंगाला लागून खाज सुटते. तेथे मात्र उपाय करावा. पण त्यासाठी झाड तोडण्याचे कारण नाही. सुरवंट दिवसा एकत्र बसलेले असतात, तेव्हाच काठीला बांधलेल्या पेटत्या बोळ्याने, मुलांना दूर ठेवून, खोड न भाजेल अशा बेताने त्यांचा नाश करता येतो.

याउलट, गेल्या काही वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवरील जे जुने, विशाल पर्जन्यवृक्ष वाळून गेले, त्यांना अळी लागली नव्हती. त्यांचा रस पिठ्या ढेकूण शोषीत होते, आणि कित्येकांच्या बुंध्याशी सिमेंट इतके घट्ट बसले होते की मुळांना पाणी वा हवा मिळणे कठीण. पाने खाणारी अळी सर्वांना दिसते म्हणून ती बदनाम होते. रस शोषणारा कीटक सालीच्या भेगेत दडतो, आणि सिमेंटला तर कोणी शत्रू मानीतच नाही.

म्हणून एखादे झाड उघडे दिसले की, प्रथम त्याच्या डहाळीला नखाने थोडे खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. बुंध्याभोवती हात-दोन हात माती मोकळी करावी, कोरड पडली असल्यास पाणी द्यावे, आणि दीड-दोन महिने थांबावे. शहरांतील वृक्षांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ सालापासून कायदा आहे, आणि परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. परंतु ‘झाड वाळले आहे’ या एका वाक्यावर परवानगी मागितली जाते, आणि ते वाक्य लिहिणाऱ्याने फांदी वाकवून पाहिलेली असतेच असे नाही.

संग्रहालयात जमलेल्या त्या आठ गृहस्थांनी जी सवय या शहराला लावू पाहिली, ती एवढीच होती : निवाडा करण्यापूर्वी जवळ जाऊन पाहावे. भाद्रपदात तपकिरी झालेले तिवर आश्विन-कार्तिकात पुन्हा पाहून यावे. ते हिरवे झाले असेल तर अळी निर्दोष सुटली. झाले नसेल, तर भरतीचे पाणी कोठे अडले आहे, याचा शोध त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे.